पेटी नंबर एकोणीस

आमची ताई नाकावर माशी बसू देत नाही आणि गेली तीन वर्षं तिचा सगळा जीव डासांत अडकलाय. आधी ती बिनतारी नेटवर्कवर संशोधन करायची. एका यंत्राचा निरोप कमीत कमी विजेत दुसऱ्या यंत्रापर्यंत कसा पोचवायचा, वगैरे. मग तिच्या डोक्यात आलं की डासांचीही बातमी अशीच गोळा करता येईल. तिने साबणाच्या डबीएवढ्या चाळीस पेट्या बनवल्या आणि वस्तीभर गच्च्यांवर टांगल्या. पेटी अंधार पडला की कान लावून बसते, मलेरियाचा डास पंखांच्या आवाजावरून ओळखते आणि आपला आकडा शेजारच्या पेटीला सांगते. ती पुढच्या पेटीला. सकाळी सगळं ताईच्या लॅपटॉपवर हजर. चहाड्यांची इतकी शिस्तशीर सोय मी शिक्षकांच्या खोलीतही पाहिलेली नाही, आणि मी पंधरा वर्षं शाळेत गणित शिकवते.

गेल्या महिन्यात आईलाच मलेरिया झाला. ताईने लगेच निकाल दिला: आई रोज संध्याकाळी मैत्रिणींबरोबर बागेतल्या बाकावर बसते, तिथेच डास चावला. आईचं बागेत जाणं बंद झालं. एवढ्यावर न थांबता ताई त्या मैत्रिणींनाही चार गोष्टी सुनावून आली. आई ठणठणीत बरी झाली तरी बंदी उठली नाही. संध्याकाळी ती खिडकीत बसून बाकाकडे बघत राहायची आणि मला ताईचा मनापासून राग यायचा.

ताईचीही तेव्हा कोंडी झाली होती. फवारणीवाल्यांच्या नजरेतून सुटलेली डासांची एक तरी जागा शुक्रवारपर्यंत दाखवा, नाहीतर पेट्या उतरवा, असं आरोग्य खात्याच्या साहेबांनी सांगितलं होतं. आमच्या भागातले फवारणीवाले काका तीस वर्षं लांब दांड्याचं पांढरं ओगराळं घेऊन हिंडताहेत. साठलेलं पाणी दिसलं की बुडवायचं आणि अळ्या बघायच्या. पेट्या आज जे सांगायच्या, ते काकांना परवाच ठाऊक असायचं.

फक्त एकोणीस नंबरची पेटी रोज सकाळी ठणाणा करायची. ती आमच्याच गच्चीवर होती, त्यामुळे ताईच्या मते ती बिघडलेली होती. तिने मायक्रोफोन बदलला, बॅटरी बदलली, अँटेना बदलली. आकडा उलट वाढला. मी म्हटलं, एकदा गच्ची बघून घेऊ या का? त्यावर तिने मला यंत्रांतल्या चुकांवर अर्धा तास शिकवलं. बुधवारी तिने एकोणीस नंबर नकाशावरून पुसून टाकला.

गुरुवारी दुपारी काका शिडी घेऊन आले. पेट्या उतरवायच्याच आहेत तर एक दिवस आधी सुरुवात केलेली बरी, असा त्यांचा हिशेब. मात्र गच्चीवर आल्यावर त्यांनी पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ पाण्याच्या टाकीमागे गेले. तिथे टाकीच्या गळक्या तोटीखाली ताईची पहिली डिश अँटेना पाण्याने भरून आकाशाकडे तोंड करून पडली होती. कॉलेजात तिने ती स्वतः ठोकून बनवली होती. आई दहा वर्षं ती भंगारात द्या म्हणतेय, पण ताई कुणाला हात लावू देत नाही. आणि संशोधन करणाऱ्या बाईंचं घर म्हणून काकांनीही ही गच्ची कधी तपासली नव्हती.

काकांनी ओगराळं बुडवलं आणि ताईपुढे धरलं. पाण्यावर बारीक अळ्या आडव्या पडल्या होत्या. साध्या डासाच्या अळ्या डोकं खाली करून लटकतात. आडव्या पडतात त्या मलेरियाच्या डासाच्या. हे ताईनेच आम्हाला जेवताना शंभरदा सांगितलंय. ती खाली बसली.

काकांना तिची दया आली असावी. हळूच म्हणाले, "ओतून टाकतो, मॅडम. कुणाला कळायचं नाही."

ओतलं की ताईची अब्रू वाचणार होती आणि पेट्या जाणार होत्या.

"आधी एक बाटली भरून घ्या, काका," ती म्हणाली. "मग ओता."

शुक्रवारी तिने एकोणीस नंबर नकाशावर परत आणला आणि बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी विचारलं, हे घर कुणाचं? ताईने सांगितलं. खोलीत हशा पिकला, पण पेट्यांना आणखी एक वर्ष मिळालं. काकांनी त्याच दिवशी आमच्या दारावर पाणी साठवल्याची नोटीस चिकटवली. वाकडी लागलीय म्हणून ताईने ती काढून सरळ लावायला सांगितली.

मग ती आईपुढे जाऊन उभी राहिली. "तुला बागेने नाही आजारी पाडलं. माझ्या डिशने पाडलं. चुकलं माझं."

आईने घड्याळात पाहिलं आणि चपला घातल्या.

"तूही चल," ती म्हणाली. "हे त्यांनाही सांग."

ताई गेली. मी खिडकीतून बघत होते. साहेबांपुढे एकदाही न अडखळलेली आमची ताई त्या बाकापुढे चपलेने माती उकरत उभी होती, आणि मैत्रिणी सरकून आईला जागा करून देत होत्या.