दहापैकी नऊ

"ताई, नऊ लिखा."

सुकलालभाऊ व्हीलचेअरवर खुशाल बसले होते. ट्रॅक्टरवरून पडून त्यांचे पाय गेले होते. धुळ्याच्या आमच्या पुनर्वसन केंद्रात मी त्यांना विचारलं होतं, आयुष्यात किती समाधानी आहात? एक ते दहा, आकडा सांगा.

मी तेव्हा नवीकोरी समुपदेशक. डोक्यात पुस्तकं, पायात उंच टाचा. असा माणूस नऊ कसा म्हणेल? रिपोर्टमध्ये ठसक्यात लिहिलं, 'डिनायल'. म्हणजे झालेलं दुःख मन कबूलच करत नाही. 'कामावर जाण्याची मानसिक तयारी नाही.' खाली लफ्फेदार सही. ती सही आठवली की आजही मला नातवंडांपुढे हसू लपवावं लागतं.

आठवड्याने त्यांच्या शेठचा फोन आला. नरडाण्याकडे त्यांची जिनिंग होती, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना.

"बाई, सुकलाल आमचा ग्रेडर. सीझन सुरू झाला. तुमचा कागद म्हणतो, घेऊ नका. दुसरा माणूस ठेवू?"

"ग्रेडर काय करतो?"

"उद्या बोलावतो त्याला. येऊन बघा."

गेले. आत पांढरे डोंगर. पत्र्याच्या फटींतून तिरकं ऊन उतरलेलं आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत होते, खाली यायची घाईच नसल्यासारखे. मशीनची घरघर दूर कुठेतरी. झोपेत चालल्यासारखी मी पुढे गेले आणि टाचांसकट ढिगात रुतले.

समोर सुकलालभाऊ, पापण्यांवरही कापूस. चिमूटभर कापूस ओढून धाग्याची लांबी बघायचे, क्षणभर डोळे मिटायचे.

"आबा, हाऊ ओला शे. वाळाडी आना."

कापूस विकायला आलेले म्हातारे आबा मुकाट्याने बैलगाडी मागे घेत होते.

मी विचारलं, "भाऊ, पायांचं वाईट नाही वाटत?"

"वाटस ना. एक मार्क त्यानाच कापेल शे."

त्यांनी कापसाची नवी चिमूट उचलली.

"तुमले कितला, ताई?"

मी खरं सांगितलं. "सहा."

"मंग तुमना कागदवर काय लिखं?"

मागे उभे असलेले शेठ खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

तिथेच कापसाच्या बांधलेल्या गाठीवर बसून नवा रिपोर्ट लिहिला. 'कामासाठी तयार.' सही साधी केली. तिच्यावरही कापूस चिकटला. भाऊ दुसऱ्या दिवशी रुजू झाले, ते कितीतरी सीझन.

पुढे नोकरीभर कुणी आकडा सांगितला की मी आधी विचारायचे, उरलेले मार्क कुठे गेले? शिकले ते एवढंच. माझ्या सँडलची एक टाच त्या ढिगातच राहिली. असेल कुणाच्या तरी गादीत.