ढोल माझ्या हातात होता

ड्रॅगन बोटीत ढोलवाली उलटी बसते. दहा जणी पुढं बघत वल्ही मारतात आणि ती एकटी त्यांच्या तोंडांकडं बघत बडवते. त्यामुळं शर्यतीची शेवटची रेषा मला दिसलीच नाही. दिसत होती फक्त माझ्या मैत्रिणीची मान, शिरा टरारून फुगलेली.

ही चिनी होडी आमच्या जुन्या कॉलेजच्या सरांनी उजनी धरणाच्या फुगवट्यावर, इंदापूरच्या बाजूला आणली. पुढं ड्रॅगनचं लाकडी तोंड. मच्छीमार त्याला सुसर म्हणून हसायचे. मी अंगानं काडी, आणि बारामतीत गणपतीच्या पथकात ढोल वाजवणारी. माझी निवड डोळे झाकून झाली. एका बाकावर दोघी, आणि मैत्रीण पहिल्या बाकावर. मागच्या आठ जणी तिचं वल्हं बघून चालायच्या आणि ती माझा ढोल ऐकून.

तिला या खेळाची हौस नव्हती. पोलीस भरतीत ती दोनदा लेखीला थोडक्यात हुकली होती आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची भरती. या राज्य स्पर्धेत पहिल्या तीन बोटींत आलो तर खेळाडूंच्या राखीव जागेसाठी प्रमाणपत्र मिळणार होतं.

"ही भरती गेली की घरचे मला उजवून टाकत्यात," ती म्हणाली होती. "तवा नीट वाजीव, बाई."

अर्ध्या शर्यतीपर्यंत आम्ही दुसऱ्या होतो. मग काठावरून शिट्ट्या सुरू झाल्या आणि माझे हात पथकातले झाले. मिरवणूक चौकात आली की ताल चढवायचा, हे इतकी वर्षं अंगात मुरलेलं. मी चढवत गेले. वल्ही पुरती बुडेनात, पाणी नुसतं खरवडू लागली, एकमेकींवर आपटू लागली. मला सगळं दिसत होतं. देवा, थांबव रे, असं मनात ओरडत मी बडवतच राहिले. हातभर अंतरानं आम्ही चौथ्या आलो.

काठावर मी तिच्यासमोर ढसाढसा रडले. त्याची मला अजून लाज वाटते, कारण रडायचा हक्क तिचा होता.

"मला कळत हुतं, तू लई पळवतीस," ती म्हणाली.

"मग तू हळू का न्हाय मारलंस?"

"मी येगळं मारलं असतं, तर मागच्यांनी कुणाकडं बघायचं हुतं?"

मी तिचा हात धरला. तळव्यावरचे फोड फुटले होते. तिनं हात सोडवून घेतला आणि सगळ्यांची वल्ही गोळा करायला गेली.