कॉफी उतरेपर्यंत

माझ्या नावापुढे बी. ए. लागले ते आमच्या इतिहासाच्या सरांमुळे. बालाघाटात ते एकटेच राहत. तरुणपणी म्हैसूरकडे नोकरी केली होती, तिथून पितळी कॉफी फिल्टर आणला होता. वरच्या भांड्यात पूड, तिच्यावर उकळते पाणी, खालच्या भांड्यात थेंबथेंब कॉफी. थेंब थांबले की सर नखाने भांड्यावर टकटक करत आणि म्हणत, "उतरू दे."

आम्हा चहा पिणाऱ्या पोरांना त्याची गंमत वाटे. टकटक करूनही कॉफी उतरली नाही, तर सर झाकण काढून चमच्याच्या दांड्याने पूड हलकेच सैल करत. लगेच थेंब सुरू. तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील, कशावरच जोर न करणारी.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आषाढात बाबा आमच्या गावाहून, राजेगावहून आले. मोठा भाऊ वेगळा निघाला होता आणि धानाची रोवणी, म्हणजे लावणी, तोंडावर होती. माझी ट्रंक सरांच्या दाराशी ठेवून ते आत आले.

"मास्तर, पोराले घेऊन चाललो. शिकला तेवढं पुरे. चारची मोटर हाय."

"बसा, भाऊ. कॉफी टाकून राह्यलो. असं नाही जाऊ देत मी."

चूल पेटल्यावर पाहुण्याने उठणे आमच्याकडे अपमानाचे. बाबा बसले. कॉफी जराशी उतरली आणि थांबली. सरांनी टकटक केली.

"सर, चमचा देऊ?" मी विचारले.

"राहू दे. उतरेल." मग बाबांकडे वळून म्हणाले, "यंदा धान कोणतं टाकलं?"

बाबा बोलू लागले. धान, बांध, भाऊ, शेवटी आई. ती गेल्यापासून त्यांना इतके बोलताना मी ऐकले नव्हते. शिक्षणाचा शब्दही सरांनी काढला नाही. मोटर गेली. कॉफी हाती आली तेव्हा गार झाली होती.

"हे तं कडू हाय, मास्तर," बाबा म्हणाले आणि कप रिकामा केला. रात्री तिथेच राहिले. सकाळी सरांना म्हणाले, "रोवणीपुरता नेतो. मंग धाडतो वापस."

आणि धाडले.

पुढे बिरशाच्या शाळेत शिक्षक झाल्यावर मी सरांना पत्र लिहिले. उत्तर त्यांच्या भावाचे आले. माझे पत्र पोचण्याआधीच सर गेले होते. मी लिहिलेले पत्र असे होते:

"ती. सरांस शिरसाष्टांग नमस्कार. मीही फिल्टर घेतला आहे. पूड घट्ट दाबली की टकटक करूनही तो तासभर अडून बसतो, हे आता कळले. आपण पूड कधी दाबत नव्हता. त्या दिवशी दाबली असावी, आणि चमचाही घेतला नाहीत.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील उद्या तिचे नाव काढायला येणार आहेत. त्यांना आधी घरी कॉफीला बोलावले आहे. चमचा आजच आत ठेवून दिला."