‘पानी’ कोण म्हणालं?

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खाली खुसपट काढतो — "वारा असेल", "मांजर असेल", "जागरण झालं असेल". कारखान्यात क्वालिटी तपासायचं काम माझं. गेज लावल्याशिवाय साधा बोल्ट पास करत नाही, तिथे भुताखेतांचं काय घेऊन बसलात! त्यामुळे आज लिहायची पाळी माझ्यावर आली याचं मलाच हसू येतंय. तुम्हीही हसून घ्या.

आम्ही मूळचे वसईच्या खाडीकाठचे भातशेतीवाले, आता गोखिवऱ्यात फ्लॅटमध्ये राहतो. मी, बायको स्मिता, मुलगी सई आणि माझे वडील. बाबांना गेल्या वर्षी पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला. हातपाय बरेचसे सुधारले, वाचा मात्र गेली. समजतं सगळं, बोलता येत नाही. ‘हो’ असेल तर डाव्या हाताने समोरच्याचा हात दाबतात, ‘नाही’ असेल तर मान हलवतात. डॉक्टर म्हणाले होते, एक शब्द आला तर पुढचे येतील. त्या एका शब्दासाठी आम्ही घरात कान टवकारून असायचो.

तर, कार्तिकी पौर्णिमेच्या आसपासचा रविवार. बाबांना समुद्र दाखवू म्हणून निघालो — भुईगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा, असं किनाऱ्याकिनाऱ्याने. कुठल्या मुहूर्तावर निघालो देव जाणे! डबा घरी ओट्यावरच राहिला. सईने गाडीत उलटी केली. भुईगावात टायर पंक्चर झाला, आणि स्टेपनी लावताना जॅक सटकून माझी बोटं चेचली.

"झालं तुझं? सरक आता, मी चालवते," स्मिता म्हणाली. हाताला रुमाल गुंडाळून मी बाजूच्या सीटवर बसलो, मांडीवर मॅप उघडा ठेवून.

कळंबच्या पुढे मॅपने सुरूच्या बनातून जाणारा एक कच्चा रस्ता दाखवला. रस्ता मोकळा होता, स्मिताने बऱ्यापैकी वेग धरला होता. भर दुपार, लख्ख ऊन. काचा बंद, एसी चालू, गाणी बंद — माझं डोकं ठणकत होतं. पुढे वळण आलं आणि त्याच्या तोंडाशीच तिने करकचून ब्रेक मारला.

"अगं काय!"

"बाबांना पाणी हवंय."

"कोण म्हणालं?"

"बाबा! आत्ता म्हणाले ना मागून... ‘पानी, पानी’ असं. तू ऐकलं नाहीस?"

मी नव्हतं ऐकलं. पण ‘पानी’? स्मिताचं माहेर मनवेलपाड्याचं, माणसं मूळची साताऱ्याकडची. ‘पानी’ हे आमच्या जुन्या माणसांचं बोलणं, ती असं कधीच म्हणत नाही. म्हणजे तिने बाबांचंच ऐकलं! आला शब्द! मला रडू फुटलं, तसाच डोळे पुसत उतरलो. बाटली डिकीत होती. ती काढली आणि सहज वळणापलीकडे नजर गेली.

पलीकडे रस्ता पाण्यात होता. उधाणाची भरती, खाडीचं पाणी पसरून आलेलं. दिसायला पावसाचं डबकं. कोणीही बेधडक गाडी घातली असती. आणि त्या डबक्यात, बरोब्बर रस्ता जिथे असायला हवा तिथे, एक माणूस छातीभर पाण्यात उभा राहून खेकड्यांची जाळी उचलत होता.

मला बघून तो ओरडला, "गाडी हाय काय? मागं फिरवा! रस्त्याखालची मोरी पावसात वाहून गेली, इथं नुसता खड्डा हाय!"

"तुम्हीच ओरडलात ना आत्ता, पानी म्हणून?"

"मी कशाला ओरडू? तुमची गाडी तरी दिसली का मला?"

त्या वेगात आत गेलो असतो तर बाबांना आणि सईला मागून काढता आलं नसतं. मागचं दार उघडून बाबांचा हात धरला.

"बाबा, बोललात तुम्ही! वाचवलंत आम्हाला!"

बाबांनी मान हलवली. नाही.

"आजोबा नाही बोलले," सई म्हणाली. "मी केळं भरवत होते ना, त्यांच्या तोंडात केळं होतं."

"अरे पण आवाज त्यांचाच होता," स्मिता चिडलीच. "मी ओळखत नाही का?"

मग मी विचारलं, "बाबा, तुम्ही तरी ऐकलंत का?"

हात दाबला गेला. हो.

"कोण बोललं?"

बाबांनी डावा हात उचलला आणि बोट दाखवलं — माझ्याकडे.

मी तोंड उघडलं नव्हतं हे स्मिता आजही छातीठोकपणे सांगते. शिवाय मी ‘पाणी’ म्हणतो. शाळेत बाईंनी तो ‘ण’ घोटून घेतलाय. पुन्हा पुन्हा विचारलं, बोट माझ्याकडेच. शेवटी बाबा वैतागून खिडकीबाहेर बघत बसले.

गाडी मागे घेतली, अर्नाळ्याला मोठ्या रस्त्याने गेलो, बाबांनी समुद्र बघितला. सगळं मी तपासून झालंय. एसीचा आवाज, तिचा भास, खेकडेवाला खोटं बोलला असेल... एकही कारण नीट बसत नाही. तुम्ही खाली काय लिहाल ते मला माहीत आहे, कारण मीही तेच लिहिलं असतं. पण एक विनंती आहे. त्या दुपारी बाबा बोललेच होते, केळं तोंडात असूनही बोलले आणि त्यांचं त्यांनाच कळलं नाही, असं कुणाला पटवून देता आलं तर द्या. मी वाद घालणार नाही. ते अजून बोललेले नाहीत.