सकाळी सही करतो

वॉर्डातल्या सिस्टरला नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सचं नाव काढलं तरी शिसारी यायची. कोर्स काही वाईट नव्हता. दोन वर्षं शिकायचं, मग पेशंटला स्वतः तपासायचं आणि स्वतःच्या सहीनं औषध लिहून द्यायचं. शिसारी यायची ती त्यावरून घरात चाललेल्या काथ्याकुटाची. फी भरायची म्हणजे स्वतःच्या दोन खोल्यांसाठी साठवलेलं सगळं जाणार, वर दोन वर्षं बिनपगारी. दीर-जावेच्या घरात नवरा-बायकोला मिळालेली ती एकच खोली मग कधी सुटणार, देव जाणे.

"पगार किती वाढणार?" जेवताना दिरानं विचारलं.

"थोडाफार."

"म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" स्वतःच्याच विनोदावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. नवऱ्यानं पाण्याचा पेला पुढं सरकवला. तिला राग याचा येत होता की दीर मेला खरं बोलत होता. तिनंही मनातून तो विषय जवळजवळ सोडलाच होता.

तशी वॉर्डात ती आताही औषधं लिहीतच होती. सुट्टीच्या दिवशी डॉक्टर घरून फोनवर सांगायचे, ती केसपेपरवर उतरवून घ्यायची आणि इंजेक्शन द्यायची. "सकाळी सही करतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सगळे वॉर्ड असेच चालायचे आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

त्या रविवारी दुपारी डॉक्टर फोनवर काहीतरी चघळत बोलत होते. खिडकीजवळच्या आजींचं पोट असह्य दुखत होतं. डॉक्टरांनी सांगितलेला इंजेक्शनचा डोस तिला जास्त वाटला.

"एवढा?"

"द्या हो, काही होत नाही."

तिनं दिला. संध्याकाळी आजी हाकेला ओ देईनात. एकच धावपळ उडाली. ऑक्सिजन लावला, उतारा दिला, तेव्हा कुठं आजींनी डोळे उघडले.

सोमवारी आजींचा मुलगा लालबुंद होऊन वॉर्डात उभा. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सिस्टरकडून लिहिताना जरा चूक झाली. मी बोलतो त्यांच्याशी." केसपेपरवर अक्षर तिचं होतं आणि सहीची जागा कोरी. ती ट्रे घेऊन शेजारीच उभी होती, ट्रेमधल्या सिरिंज मोजत राहिली. डॉक्टरांपेक्षा तिला स्वतःचीच जास्त किळस आली.

नंतर डॉक्टर उपकार केल्याच्या थाटात तिच्याजवळ आले. "मनावर घेऊ नका, मी सांभाळून घेतलंय. आणि तो कोर्सबिर्स सोडा. पैसे कशाला पाण्यात घालता? इथं सगळं करायला मिळतंच की तुम्हाला."

चोराच्या उलट्या बोंबा तिनं पुष्कळ ऐकल्या होत्या. चोर वर पाठही थोपटतो, हे पहिल्यांदाच पाहिलं. तिनं बेसिनवर तोंड धुतलं आणि तडक आजींच्या मुलासमोर जाऊन उभी राहिली.

"डोस डॉक्टरांनी फोनवर सांगितला होता. मला तो जास्त वाटला होता. तरी मी दिला."

त्यानं तिला नाही नाही ते ऐकवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि दुपारी जाऊन फी भरून आली.

घरी नवऱ्यानं फीची पावती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "अगं, पण आपल्या खोल्या?"

"राहू इथंच. यापुढं माझ्या हातून कुणी मेलं, तर निदान सही माझी असू दे."