तळ्यातली राख

"हे काळे पट्टे बघा, सर. तळं आटलं, आजूबाजूचं रान पेटलं, त्याचा हा कोळसा." देवधरांनी पडद्यावरच्या तळ्यातल्या गाळाच्या फोटोवर लेझर पॉइंटर नाचवला. "थोडक्यात, हे तळं नाहीच. पावसाळी डबकं आहे. बुजवायला हरकत नाही."

देवधर बिल्डरचे कन्सल्टंट. खालापूर तालुक्यातल्या एका गावचं तळं बुजवून तिथे व्हिला बांधायचे होते. गावाने हरकत घेतली, म्हणून सरकारी अधिकाऱ्यांसमोर ही सुनावणी. मी मूळची कर्जतची, जुन्या गाळावरून जुनं हवापाणी शोधणं हे माझं काम. गावाने मला मदतीला बोलावलं होतं.

माझ्या शेजारी सुमनताई बसल्या होत्या. त्यांची विहीर तळ्याच्या खालच्या अंगाला. अर्ध्या गावाचं मे महिन्यातलं पाणी तिच्यावर.

"तळं गेलं का विहीर गेली," त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या. "मग काय आमी टँकरमागं पळायचं?"

"इमोशनल होऊन चालत नाही, ताई. हे सायन्स आहे," देवधर म्हणाले. माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाने तळ्याच्या काठावर बूट चिखलात घातले नव्हते, तो सायन्स शिकवत होता.

तळात पाइप ठोकून गाळाचा जो उभा नळा काढतात, त्याला कोअर म्हणतात. देवधरांनी माणसं पाठवून असाच एक काढून घेतला होता. तो उभा चिरतात. एक अर्धा तपासायला, दुसरा जपून ठेवायला. मी विचारलं, "मायक्रोस्कोपखाली काय दिसलं?"

"त्याची गरज पडली नाही. पट्टे डोळ्यांनी दिसतायत की."

म्हणजे पेशंटचा फोटो बघून निदान! मी दुसरा अर्धा मागितला. देवधरांनी बरेच आढेवेढे घेतले, पण अधिकाऱ्यांनी तो द्यायला लावला.

लॅबमध्ये आम्ही गाळ केमिकलने साफ केला आणि डायटम शोधले. डायटम हे एकपेशीय शेवाळ. त्याचं कवच काचेसारखं, त्यामुळे ते गाळात टिकतं. काही जाती ओल्या मातीवर जगतात, काही भरपूर साचलेल्या पाण्यात तरंगत. कुठली जात सापडते, त्यावरून तेव्हा पाणी किती होतं ते कळतं. तळं आटलं असतं, तर काळ्या पट्ट्यांत मातीवरच्या जाती दिसायला हव्या होत्या. तिथे तरंगणाऱ्यांची गर्दी होती.

मग कोळसा कसला? तोही बघितला. लाकडाचा जवळजवळ नव्हताच. जळालेला पेंढा, गवत, पानांचे तुकडे. मला हसूच आलं. हा तर राब! भाताचं रोप टाकण्याआधी आमच्याकडे त्या जागेवर शेण, पालापाचोळा, पेंढा पसरून भाजतात. वरच्या शेतांतली राख ओहोळाने तळ्यात येते आणि तळाशी बसते. देवधर ज्याला वणवा म्हणत होते, ती शेतकऱ्यांची दरवर्षीची मशागत होती. पट्ट्यांच्या खालच्या गाळात राख नव्हती, तरंगते डायटम मात्र तळापर्यंत होते. म्हणजे इथे भात लावण्याआधीपासून तळं होतं. खालच्या गाळाचं वय काढून घेतलं, ते हजारो वर्षांचं निघालं.

पुढच्या सुनावणीत मी फोटो दाखवले. "तळं कोरडं होतं, तर काळ्या पट्ट्यांत पाण्यात तरंगणारे डायटम कुठून आले?"

देवधरांनी खांदे उडवले. "वाऱ्याने उडून आले असतील."

"वाऱ्यानं तळं आणलं का काय, साहेब?" सुमनताई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांना हसू आवरेना. देवधर फायलीत तोंड खुपसून बसले. मला त्यांची अजिबात दया आली नाही. भातशेतीच्या तालुक्यात येऊन रिपोर्ट लिहिला, पण भात कसा लावतात हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

परवानगी नाकारली गेली. तळं राहिलं, विहीर राहिली. सुमनताईंनी मला घरी नेऊन पोटभर जेवू घातलं.

काही दिवसांनी बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला.

"मॅडम, आता व्हिला तळ्याच्या शेजारी घेतोय. 'हजारो वर्षांचं तळं' असं ब्रोशरमध्ये टाकतोय. तुमच्या डायटमचा एखादा फोटो मिळेल का?"

मी फोन ठेवला. एवढं मात्र शिकले, की बिल्डरला तळ्याचं वय सांगण्यात दम घालवू नये. तळ्याकाठच्या घराला गिऱ्हाईक जास्त मिळतं, हे पहिल्याच दिवशी सांगावं.