बादशहाचा लाल रंग

कुपवाडला ट्रकच्या बॉड्या बांधतात, तिथं आमचा बादशहा पेंटर होता. मागच्या फाळक्यावर गुलाब काढावा तर त्यानंच! तोंडानं लय बोलका, पण सगळं बोलणं नाकात. सर्दी बारा महिने. सकाळी कपाळ ठणकायचं. चहात आलं घातलंय की गवती चहा, त्याला पत्ता नसायचा.

“दवाखान्यात दाखव की गड्या,” मी म्हणायचो.

“सर्दीला कुठं दवाखाना असतो व्हय, नाना? बाम हाय की!”

बाम चोळायचा आणि शिडीवर चढायचा. नाकात मांस वाढलं, वास पार गेला, तरी गडी हसतच.

मग एक दिवस हंबीररावाच्या रंगाच्या दुकानात हा कालवा!

“लाल पातळ करून विकतोस व्हय रं? गुलाब इटकरी दिसाय लागलाय माझा!”

“डबा तुझ्यासमोर फोडला की, बाबा!” हंबीरराव कळवळला.

बादशहानं दुकान बदललं, कंपनी बदलली. एकाच गुलाबावर रंगाचे हातावर हात मारत राहिला. गुलाब काही लाल होईना. पुढं उजवा डोळा बाहेर आल्यासारखा दिसाय लागला, एका रेघेच्या दोन रेघा व्हायला लागल्या. तेव्हा त्याच्या बायकोनं, मेहरुनबीनं, आपली लाल ओढणी पुढं धरली.

“आवं, एकेक डोळा झाकून बघा.”

डाव्या डोळ्याला ओढणी लालभडक, उजव्याला मातकट. बादशहानं दोनदा आलटूनपालटून डोळे झाकून बघितलं. मग म्हणाला, “म्हंजे हंबीरराव खरा हुता.”

सांगलीच्या डॉक्टरांनी समजावलं. नाकाभोवती हाडांत पोकळ्या असतात. त्याच्या एका पोकळीचं तोंडच बुजलेलं. आत कफ साठून ती फुगली, हाड झिजलं, डोळा ढकलला गेला आणि नजरेची नस दाबली गेली. “अशात लाल रंग आधी फिका पडतो. तेव्हाच आला असता तर...”

दुर्बिणीनं ऑपरेशन झालं, नाकातलं मांसही काढलं. डोळा जागेवर बसला, पण त्यातली नजर गेली ती गेलीच.

हंबीरराव भेटायला आला तो लाल रंगाचा डबा घेऊन. मी तिथंच बसलेलो. बादशहानं झाकण उघडलं आणि तोंड केलं वाकडं.

“आयला, रंगाला असला वास असतोय व्हय, नाना? जन्मभर ह्यातच नाक घालून बसलो की!”

आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता त्यानं तळव्यानं चांगला डावा डोळा झाकला आणि डब्यात बघत बसला.

“दिसतंय का काय?” हंबीररावानं हळूच विचारलं.

“रंग चांगला हाय रं तुझा,” बादशहा म्हणाला आणि झाकण दाबून बसवलं.